दोन बोटं जास्त

काकाजी घोड्याला 'तुम्ही' म्हणत आणि तहसीलदाराला 'तू'. मला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून 'तुमी'च म्हटलं. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "तुमी जनावराचे डागदर. जनावराले बोलता येत नाही, तरी तुमाले समजते. तहसीलदाराले बोलून सांगतलं तरी समजत नाही."

आणीबाणीच्या आधीच्या वर्षी मी पशुवैद्यकीची पदवी घेऊन आसगावच्या बाजूच्या एका दवाखान्यात नेमणुकीवर आलो. मी कापसाच्या मुलखातला. इथे जिकडेतिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि तलाव. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून चालायला मी रडकुंडीला येऊन शिकलो. गावठी गायींना परदेशी वळूचं रेत भरायचं, हे माझं मुख्य काम. सरकारी कागदावर त्याला 'जात सुधारणे' म्हणत.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर एक सहा फुटी, काटकुळा, पांढऱ्या धोतरातला म्हातारा येऊन थांबला. तो ज्यावर बसला होता ते तट्टू इतकं बुटकं होतं की म्हाताऱ्याचे पाय जवळजवळ जमिनीला लागत होते. पुढे मी पाहिलं, चिखल जास्त असला की काकाजी बसल्या बसल्याच पाय टेकवत आणि तट्टाचा भार हलका करत. लांबून पाहणाऱ्याला कोण कोणाला नेतंय ते कळत नसे.

"डागदर," ते खाली न उतरताच म्हणाले, "तुमी जात सुधारता म्हणते."

"हो."

"मंग बिघडू न देण्याचं काही औषध आहे काय?"

मला समजलं नाही. ते तट्टाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "याईले सुधारू नका, बिघडवू नका. आहे तसे ठेवा. असं काही औषध."

असं औषध माझ्याकडे नव्हतं. तसं मी सांगितलं. "मंग मलेच पहारा करा लागन," म्हणून ते निघून गेले. मला वाटलं, डोक्यानं जरा अधू असावेत. गावातही सगळ्यांचं हेच मत होतं.

त्यांच्याकडे तेव्हा सात तट्टं होती. सहा घोड्या आणि एक नर, सोमाऱ्या; शिंगरं वेगळी. नावं ज्या वारी जन्म झाला त्या वारावरून. ही तट्टं या भागात पूर्वी घरोघर असत. मीठवाले, कापडवाले, कासार या तट्टांच्या पाठीवर माल लादून जंगलातून, चिखलातून या बाजाराहून त्या बाजाराला जायचे. नाल न ठोकताच त्यांचे खूर लोखंडासारखे. धुऱ्यावरून चालताना बाजूच्या धानाला पाय लागू द्यायची नाहीत. तलावात मानेइतक्या पाण्यात शिरून बुडालेलं गवत खायची. घोडं पाण्यात चरतं हे मी कॉलेजात कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. रस्ते झाले, सायकली आल्या, ट्रक आले आणि तट्टं गेली. काकाजींकडची उरली, कारण काकाजींनी ती विकली नाहीत. तीन पिढ्या त्यांच्या घरी ती होती. त्यांच्याकडे बांबूची एक काठी होती. तिच्यावर आजोबांनी केलेली खूण होती. पूर्ण वाढलेलं तट्टू त्या खुणेच्या वर जायचं नाही.

पहारा म्हणजे काय ते मला पहिल्याच लगीनसराईत कळलं. नवरदेवासाठी भाड्यानं आणलेले मोठे घोडे गावात येत. त्यातला एखादा नर सुटला आणि काकाजींच्या घोडीला लागला, तर तीन पिढ्यांची राखण संपली. म्हणून लगीनसराईत काकाजी गावाच्या शिवेवर खाट टाकून बसत. भंडाऱ्याची एक वरात आली. बँड, फटाके, उंच पांढऱ्या घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. काकाजी रस्त्यात आडवे उभे राहिले.

"घोडा इथंच राहीन. नवरदेव पायी जाईन."

नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला. "बुढ्या, बाजूला हो! आमची इज्जत आहे!"

"तुमच्या इज्जतीले पाय आहेत ना? चालू द्या तिले."

मी त्या लग्नाला पाहुणा होतो. काकाजींच्या कानशिलात बसलेल्या थपडेचा आवाज मी ऐकला. ते पडले, उठले, धोतर झटकलं आणि पुन्हा तिथेच उभे राहिले. शेवटी नवरीच्या बापानं हात जोडले आणि नवरदेव उतरला. माझ्या तोंडातला विडा तसाच राहिला होता.

अशा माणसाच्या घरी जातपात किती कडक असेल, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात काकाजींची तट्टं पाय घालत, जाळी फाटत. आणि काकाजी भरपाई म्हणून त्यांच्या ओसरीवर बसून जाळी विणून देत. तिथेच जेवत. गावातली बाकीची कुणबी मंडळी नाकं मुरडत. मग काकाजींची मॅट्रिक झालेली मुलगी बापाला म्हणाली, मला त्याच ढिवर घरातल्या मोठ्या मुलाशी लग्न करायचंय. तो तुमसरकडे शाळेत मास्तर होता. काकाजींनी एक दिवस विचार केला आणि होकार दिला.

गाव हादरलं. चावडीवर माणसं जमली. एक म्हातारे पाटील थरथरत म्हणाले, "काहून गा, घोड्याची जात पाळतं अन् पोरीची नाही? लाज नाही वाटत?"

काकाजी खरंच गोंधळल्यासारखे पाटलांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माणसं काय संपून राहिली का, पाटील? घोडे संपून राहिले."

  मी त्या दिवशी खोलीवर येऊन माझ्या टेबलावरचा 'जात सुधारणे'चा मासिक अहवाल बराच वेळ नुसता पाहत बसलो.

सोमाऱ्या म्हातारा होत चालला होता. एका डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं. त्याच्या बाकीच्या शिंगरांत एकही नर नव्हता, म्हणून काकाजींची सगळी भिस्त मंगळ्यावर होती. शुक्री नावाच्या घोडीचं हे शिंगरू, मी आलो तेव्हा वर्षाचं होतं. तांबूस रंग, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ, आणि अंगात एवढा डौल की तलावाच्या पाळीवरून धावत आला की ढिवरबाया हातातलं काम थांबवून पाहत. काकाजी जेवायला बसले की तो दारातून मान आत घाली आणि त्यांच्या ताटातला भात खाई. काकू ओरडत, "उष्टं करून राहिला ना तुमचं!" काकाजी म्हणत, "त्यायचं झालं की मग मी खातो."

तीन वर्षांचा होईपर्यंत तो काठीच्या खुणेला टेकला. मग खुणेच्या वर गेला. एक बोट. मग दोन बोटं.

काकाजींचं बोलणं कमी झालं. मी म्हणालो, "काकाजी, दोन बोटांनी काय होतं? खाणं चांगलं मिळालं असेल." ते मात्र रोज संध्याकाळी काठी घेऊन गोठ्यात जात. आपणच चुकीचं मोजतोय असं त्यांना वाटून घ्यायचं असावं.

एका दुपारी मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. काकाजी पुन्हा काठी घेऊन निघाले तेव्हा काकू सूप खाली ठेवून म्हणाल्या, "नका मोजू. मी सांगतो."

काकाजी थांबले.

काकू भिंतीकडे पाहत बोलत होत्या. "तुमी टायफॉइडनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते ना, त्या उन्हाळ्यात माह्या भाच्याचं लगन झालं. माह्या भावानं वरातीचा घोडा तीन दिवस आपल्या गोठ्यात बांधला. मी नाही म्हणू शकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं तो सुटलेला होता, शुक्रीजवळ. सोमाऱ्याबी होता तिथंच. मले वाटलं, सोमाऱ्याचंच असन. मंग पिल्लू झालं, अन् तुमी एवढे खूश झाले... मी तोंड नाही उघडलं."

मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिलो. आता हा माणूस काय करेल याची मला भीती वाटली. काकू तर पदर तोंडात धरून उभ्या होत्या, मार खायच्या तयारीनं. काकाजी त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, "चार वर्षं एकटीनं पोटात ठेवलं तू. लय जड झालं असन."

काकू खाली बसून रडायला लागल्या. काकाजींनी त्यांना पाणी आणून दिलं. आणि मग माझ्याकडे वळून, त्याच आवाजात, म्हणाले, "डागदर, उद्या सकाळी मंगळ्याले आणतो. खच्ची करा."

नसबंदीचे दिवस होते. खच्ची हा शब्द त्या काळात कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. काकूंचं रडं एकदम थांबलं. "वेडे झाले काय? त्याचा काय गुन्हा?" त्या ओरडल्या. मीही ओरडलो. "काकाजी, सोमाऱ्या आज आहे, उद्या नाही! दुसरा नर कुठं आहे तुमच्याकडे? सोमाऱ्याचा नसेल कशावरून?"

"दोन बोटांवरून."

"मी करणार नाही."

"मंग गावातला कोणीतरी दगडानं ठेचून करन. तुमाले ते पाह्यजे काय?"

मी केलं. मंगळ्याला दवाखान्यासमोर आडवं पाडलं. काकाजी मांडी घालून बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुरी लागली तेव्हा मंगळ्या किंचाळला. त्यानं काकाजींच्या दंडाचा चावा घेतला. त्यांनी हात सोडवला नाही. माझं काम संपेपर्यंत रक्त त्यांच्या कोपरावरून मंगळ्याच्या आयाळीवर गळत होतं आणि ते एकच वाक्य पुटपुटत होते, "तुमचं काही चुकलं नाही जी. तुमचं काही चुकलं नाही." मग मी त्यांचा दंड शिवला. माणसाला टाके घातले ते डॉक्टर झाल्यावर पहिल्यांदा.

चार महिन्यांनी, उन्हाळ्यात, तलाव आटत आला असताना सोमाऱ्या मधल्या हिरवळीसाठी आत गेला आणि गाळात रुतला. आंधळ्या बाजूचं त्याला दिसलं नसावं. ढिवरांनी बांबू टाकून, जाळी पोटाखालून घालून त्याला ओढून काढला. जिवंत निघाला, पण छातीत गाळपाणी गेलं होतं. मी होती नव्हती ती इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मी काकाजींच्या शेजारी बसलो होतो. मनात आलं ते बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. तेच बोलले. "डागदर, बरं झालं चार महिने आधी केलं. आज करा लागलं असतं तं माह्यानं झालं नसतं. मी खोटं चालवून घेतलं असतं."

 वंश बुडाल्याच्या दिवशी हा माणूस 'बरं झालं' म्हणत होता! मला त्यांचा राग आला. खरंच आला. महिनाभर मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही.

त्यानंतर माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिहोऱ्याच्या बाजूला झाली. इकडे काकाजी नर शोधत फिरू लागले, हे मला त्यांच्या मास्तर जावयाकडून कळे. धानाची रोवणी आटोपली की शुक्रीच्या पाठच्या बहिणीला, बुधी नावाच्या घोडीला घेऊन निघायचे. नर सापडला तर दिवस वाया जायला नको, म्हणून घोडी सोबतच. ते बाजारामागून बाजार पालथे घालत. शहापूरला मोठा रस्ता ओलांडताना ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत. कुठे खेचर निघे, कुठे उंच घोड्याचं बांडं शिंगरू. दोन वर्षं गेली.

आणि एके दिवशी दुपारी ते माझ्या दवाखान्याच्या दारात उभे! डोळे खोल गेलेले, पायांत धुळीचे मोजे. मागे बुधी.

"सापडला!" ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "बाजारात लांबून पाह्यला. पाठीवर काळी रेघ, तेच खूर, तीच मान. मी गर्दीतून पोचेपर्यंत बाई निघून गेली. लोक म्हणते, इथून कोसभर तिचं गाव आहे. तुमी चला. तुमच्यासमोर मोजू."

"कोणाचा आहे?"

"कासारीण आहे कोणी. बांगड्यावाली."

माझ्या हातातली बाटली मी टेबलावर ठेवली. 

आठ दिवसांपूर्वी आमच्याकडे खच्चीकरणाचं शिबिर झालं होतं. सकाळपासून गोऱ्हे आडवे पाडून पाडून मी दमलो होतो. शेवटी शेवटी, भुकेनं डोकं दुखत असताना, एका कासारणीनं तट्टू आणलं. पाय बांधलेले, चावू नये म्हणून डोक्यावर पोतं. मी सुरी घेतली आणि दहा मिनिटांत मोकळा झालो. मागच्या दोन पायांपलीकडे त्या जनावराचं मी काहीही पाहिलं नाही. पाठ पाहिली नाही, खूर पाहिले नाहीत. ज्या माणसानं काकाजींच्या अंगणात तीन वर्षं ही तट्टं पाहिली होती, त्यानं.

मी काकाजींना सांगितलं. सांगताना मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. पाय हलले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "जखम भरली काय त्याची?"

आम्ही त्या बाईच्या गावी गेलो. पन्नाशीची, ठसठशीत बाई. तट्टाचं नाव बाबू. काकाजींनी काठी लावली. खुणेला बरोबर टेकला. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. काकाजींनी त्याच्या पाठीच्या काळ्या रेघेवरून हात फिरवला आणि तो हात स्वतःच्या तोंडावरून फिरवून घेतला.

"बाई, कायले केलं खच्ची?" त्यांनी विचारलं.

"बाजारात घोडी दिसली का धावे! दोनदा सगळ्या बांगड्या फोडल्या माह्या. काय करू मी?"

त्या क्षणी मला कॉलेजातली एक ओळ आठवली. खच्ची केल्यावरही काही दिवस, काही आठवडे, जनावराच्या शरीरात आधीचं बीज शिल्लक असतं. म्हणून नर घोड्याला महिनाभर माद्यांपासून दूर ठेवा, असं आम्ही मालकाला सांगतो. सांगायचं असतं; मी त्या दिवशी तेही सांगितलं नव्हतं.

"काकाजी," मी घाईनं विचारलं. "बुधी माजावर आहे का?"

"कालपासून आहे. काहून?"

मी सांगितलं. आशा फार थोडी आहे हेही सांगितलं. काकाजींचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग त्यांनी बाबूची जखम वाकून पाहिली. "नाही," ते म्हणाले. "ओली आहे अजून. दुखन त्याले."

"काकाजी, ही शेवटची संधी आहे!"

"एकाले मी कापलं, डागदर. दुसऱ्याले फाडू काय?"

मी हात जोडले. भांडलो. वंशाची, आजोबांची आण घातली. ते मान हलवत राहिले. कासारीण इतका वेळ कमरेवर हात ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "तुमी दोघं कायले भांडून राहिले? दुखत असन तं तो जाणार नाही. त्याले विचारा ना!" आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं दावं सोडून दिलं.

बाबू थोडा वेळ उभा राहिला. मग मान वर करून, लंगडत, बुधीकडे गेला.

काकाजींनी तोंड फिरवून घेतलं. ते भिंतीकडे पाहत उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. नंतर मी बाबूची जखम धुतली, थोडी उकलली होती, दोन टाके घातले. या खेपेला त्याच्या डोक्यावर पोतं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता.

अकरा महिने मी आसगावला पत्र लिहिलं नाही, गेलोही नाही. रोज कॅलेंडरकडे मात्र नजर जाई. मग जावयाचं कार्ड आलं: बुधीला शिंगरू झालं, नर आहे. मी ते कार्ड घेऊन दवाखान्याच्या मागे गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी मी एसटी पकडली. काकू अंगणातच भेटल्या, हसत हसत आत घेऊन गेल्या. काकाजी गोठ्यात उकिडवे बसले होते. अकरा महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. त्यांच्यासमोर भाताच्या तणसावर, चार बारीक पायांवर डुगडुगत, ते उभं होतं. पाठीवर बोटानं ओढल्यासारखी काळी रेघ.

मी पुढे झालो. छाती, नाळ, डोळे तपासावेत म्हणून सवयीनं हात पुढे केला.

काकाजींनी माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"हात नका लावू, डागदर," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत या माणसानं मला एका शब्दानं बोल लावला नव्हता. वाटलं, आज लावला. त्यांनी मनगट सोडलं आणि शेजारच्या तणसावर थोपटलं.

"इथं बसा. नुसतं पाहा. त्या दिवशी पाह्यलं नाही ना तुमी."

मी बसलो. शिंगरू आईखाली तोंड घालून दूध शोधत होतं, त्याला सापडत नव्हतं, मग सापडलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. माझी परतीची एसटी केव्हाच निघून गेली होती.